शिष्यवृत्ती गाव सोडण्याची की गाव राखण्याची?

धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातला पावरा विद्यार्थी आश्रमशाळेतून बाहेर पडून धुळ्याच्या वा जळगावच्या महाविद्यालयात दाखल होतो, तेव्हा शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत त्याला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि बँकेच्या खात्याचा क्रमांक द्यावा लागतो. शासनाला त्याच्याविषयी जाणून घ्यायचे असते ते एवढेच. आजाच्या मांडीवर बसून त्याने रात्रभर चालणारे गायण ऐकले आहे काय, कोणत्या झाडाची साल कोणत्या दुखण्यावर चालते हे त्याला ठाऊक आहे काय, ढोलाचा कोणता ठेका लग्नाचा आणि कोणता मौतीचा हे त्याला ओळखता येते काय, यासाठी त्या अर्जात एकही रकाना नाही. त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या पाड्यापासून जो जितका दूर जाईल तितका तो शिष्यवृत्तीला पात्र, असेच आजवरच्या साऱ्या शिष्यवृत्त्यांचे गृहीतक राहिले आहे.

हे म्हणताना एक धोका ओळखून असले पाहिजे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती दलित विद्यार्थ्यांसाठी १९४४ साली सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतर लगेच ती आदिवासींना लागू झाली. तिच्याविना सातपुड्यातून एकही डॉक्टर, वकील वा तहसीलदार बाहेर पडला नसता. ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहांत जागा पुरत नाहीत, यासाठी विद्यार्थ्यांना आजही मोर्चे काढावे लागतात आणि ते मोर्चे न्याय्यच आहेत. ‘आदिवासीने आपली संस्कृती जपावी, त्याला इंग्रजी आणि संगणक कशाला?’ असे म्हणणारा एक वर्ग नेहमीच असतो. आपली मुले पुण्याला धाडून दुसऱ्याच्या मुलाने पावरी वाजवत बसावे असे त्याला वाटते. त्या वर्गाच्या हाती कोलीत देण्याचा येथे प्रश्न नाही. जी शिष्यवृत्ती आहे ती राहिलीच पाहिजे, वाढलीच पाहिजे. प्रश्न आहे तो दुसऱ्या एका शिष्यवृत्तीचा, जी आजवर कोणी दिलेली नाही.

वास्तविक ज्ञानाच्या जतनासाठी माणसाला पोटापुरते देऊन बसवायचे, ही कल्पना खानदेशला अपरिचित नाही. प्रतापशेठजींनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभारले, तेथे वेदान्ताचा अभ्यास करणाऱ्यांना विद्यावृत्ती मिळत असे. साने गुरुजी अमळनेरला प्रथम आले ते या मंदिरात. शाळेतले शिक्षक ते नंतर झाले. धुळ्यात शं. श्री. देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून मिळवून आणली आणि त्यांच्यासाठी वाग्देवता मंदिर उभे केले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळीत आयुष्यभर पायपीट करीत राहिले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचा देह पडला आणि त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी त्याच शहरात संशोधन मंडळ निघाले. ही सारी कामे मोठी आहेत आणि खानदेशाने त्यांचा अभिमान बाळगावा अशीच आहेत. परंतु अद्वैताला विद्यावृत्ती मिळाली, दासबोधाला मंदिर मिळाले, पेशवाईच्या पत्रांना मंडळ मिळाले. आणि धुळ्याच्या उत्तरेला आकाशात जी निळी रेघ दिसते त्या सातपुड्याच्या स्मरणाला मात्र साधे कपाटही लाभले नाही. कागदावर जे उतरले होते तेवढेच जतन करण्याजोगे मानले गेले. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांच्याकडे काही नव्हतेच, असा त्याचा अर्थ झाला.

हा अर्थ किती खोटा आहे हे जळगावइतके दुसऱ्या कोणाला कळू नये. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या जे गात होत्या ते त्यांच्या कवी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्याच एका आप्ताने टिपून ठेवले. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती गाणी पुस्तकरूपाने निघाली आणि अवघा महाराष्ट्र चकित झाला. १९९० साली स्थापन झालेले जळगावचे विद्यापीठ २०१८ पासून त्यांचे नाव मिरवते. या घटनेचे कौतुक पुष्कळ झाले, पण तिच्यातला साधा व्यवहार फारसा कोणी पाहिला नाही. बहिणाबाईंची गाणी वाचली, कारण त्यांच्या घरात लेखणी धरणारा माणूस होता आणि त्या माणसाला त्यांची बोली परकी नव्हती. बाहेरचा कोणी संशोधक येऊन ती टिपणार असता तर त्याने शब्द शुद्ध केले असते, अर्थ अदमासाने लावला असता आणि ‘एक निरक्षर शेतकरी स्त्री’ अशी नोंद करून तो पुढच्या गावाला निघून गेला असता. सातपुड्यात अशा किती बहिणाबाई लेखणीवाचून गेल्या, याची गणती करणारे कोणी नाही.

सातपुड्याविषयी लिहिलेच गेले नाही असे मात्र नव्हे. पुष्कळ लिहिले गेले. फक्त ते कोणी लिहिले आणि कशासाठी, हे पाहिले पाहिजे. आउट्रामने १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण उभारली, तेव्हापासूनचे कागद आहेत. ते बंदोबस्ताचे कागद आहेत. १८५८ च्या एप्रिलात अंबापाणीला भिल्लांची इंग्रजांशी लढाई झाली, तिचे आणि खाज्या नाईकाचे वर्णन आहे. ते ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांचे वर्णन आहे. १८८० साली खानदेशचे गॅझेटियर निघाले, त्यात भिल्लांच्या पोटजाती, सवयी आणि गुन्हे एकाच दमात सांगितले आहेत. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीतला भिल्ली आणि खानदेशी बोलींचा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. तो विद्वत्तेचा ग्रंथ खराच, पण ज्यांच्या तोंडून नमुने घेतले त्यांना तो कधी दिसला नाही. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. तिच्या संग्रहालयात सातपुड्याच्या वस्तू आहेत, अहवाल आहेत, आणि डॉ. गोविंद गारे यांच्यासारखा आदिवासी समाजातून आलेला अभ्यासक तिच्या संचालकपदी बसला, हेही खरे. तथापि एका संस्थेच्या खुर्चीवर एक आदिवासी बसल्याने ज्ञानाचा प्रवाह उलटा वाहू लागत नाही. प्रघात तोच राहतो: बाहेरचा माणूस प्रश्नावली घेऊन येतो, गावची म्हातारी माणसे दोन दिवस काम बुडवून त्याला सांगतात, तो ध्वनिमुद्रण घेऊन जातो, त्याला पदवी मिळते आणि गावाला एक प्रतही मिळत नाही. विद्यावृत्ती त्या कामातही असते; ती फक्त ऐकणाऱ्याला असते, सांगणाऱ्याला नसते.

आता जे राखायचे ते काय आहे, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण ‘आदिवासी संस्कृती’ म्हटले की शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे मोरपिसांचा टोप आणि २६ जानेवारीचा चित्ररथ एवढेच उभे राहते. साक्री तालुक्यातले कोकणा आणि भिल्ल मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव करतात. त्यातल्या माऊल्या घर सोडून व्रतस्थ राहतात आणि दुधी भोपळ्याची पावरी त्यांच्या संगतीला असते. कोकणांचा कथेकरी काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी बसवतो आणि तिच्यावरून बोटे ओढून निघणाऱ्या सुरावर रात्रभर कथा सांगतो. त्या कथेतला राम वाल्मीकीचा नव्हे, डांगच्या रानातला आहे. पावऱ्यांच्या इंदलात कळमाच्या फांद्या रोवून त्यांच्यापुढे रात्र जागवली जाते आणि गायणात सृष्टीची उत्पत्ती येते, नर्मदेचा जन्म आणि तिची वाटचाल येते. काठीच्या होळीत बुध्या आणि बावा होणारे पुरुष आधी कित्येक दिवस पालनी धरतात. खाण्याचे, झोपण्याचे, स्पर्शाचे निर्बंध पाळतात, आणि मगच कमरेला भोपळे-घुंगरू बांधतात. रावेर-यावलच्या तडव्यांची तर आणखीच निराळी कहाणी आहे. ते इस्लाम पाळतात आणि भिल्लही आहेत. त्यामुळे धर्माच्या ठेकेदारांना त्यांचे काय करावे हे उमगत नाही आणि संस्कृतीच्या अभ्यासकांच्या यादीत ते बसत नाहीत. या सगळ्याला शास्त्र आहे, क्रम आहे, शिकण्याची मुदत आहे. कोणी म्हातारा शिकवील आणि कोणी तरुण काही वर्षे त्याच्याजवळ बसेल, तरच ते पुढे जाते.

आणि तरुण बसत नाही. तो का बसत नाही, याचे उत्तर सिनेमा आणि मोबाइल असे देण्याची पद्धत आहे. ते उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात कोणी गुन्हेगार नसतो. खरे उत्तर उसाच्या फडात आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपत आले की मुकादम गावात येतो आणि उचल देतो. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. खानदेशातले हे मजूर दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांवर ‘कोयता’ या नावाने मोजले जातात, माणूस म्हणून नव्हे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बार्डोलीच्या परिसरातल्या या ऊसतोडीचा अभ्यास १९७० च्या दशकात मांडला, तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकांनाही ती वर्णने सुन्न करणारी वाटली होती. गळीत हंगाम चालतो तो हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. डोंगऱ्या देव मार्गशीर्षात येतो, इंदल पिके घरात आल्यावर येते, होळी फाल्गुनात येते. म्हणजे सातपुड्याचे सारे विद्यापीठ ज्या महिन्यांत भरते, नेमक्या त्याच महिन्यांत त्याचे विद्यार्थी उचल फेडीत परमुलखात असतात. काठीची होळी पाहण्यास बाहेरून मोटारी भरभरून माणसे येतात. त्या होळीत ज्याने ढोल वाजवायचा तो मात्र सुट्टी मिळत नाही म्हणून फडावर असतो. संस्कृतीच्या ऱ्हासावर परिसंवाद घेणाऱ्यांनी एकदा मुकादमाची वही चाळावी.

दुसरा घाव धरणाचा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे बुडीत क्षेत्रात गेली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. २०१७ साली धरणाचे थाटामाटात लोकार्पण झाले, २०१९ च्या पावसाळ्यात ते १३८.६८ मीटरपर्यंत प्रथमच पूर्ण भरले. जमिनीच्या बदल्यात जमीन, हा झगडा मणिबेलीपासून तळोदा-शहाद्याच्या वसाहतींपर्यंत तीन तपे चालला. पण गायणात नर्मदेच्या वाटेवरचे जे डोह, खडक आणि देवस्थाने नावानिशी येतात, त्यांच्या बदल्यात काय द्यायचे याचा निवाडा कोणत्याच लवादाने केला नाही. वसाहतीत जन्मलेल्या मुलाला त्या नावांचा अर्थ कोणी सांगायचा? नदी पाहिलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत.

म्हणून ज्या शिष्यवृत्तीची मागणी करायची, तिचे स्वरूप पुस्तकी असून भागणार नाही. तिची रक्कम मुकादमाच्या उचलीशी स्पर्धा करू शकेल इतकी असली पाहिजे. त्याहून कमी असेल तर ती घेण्याची ऐपत सातपुड्यातल्या कोणाची नाही. ती शिकणाऱ्याला मिळावी तशी शिकवणाऱ्यालाही मिळावी. गायण सांगणाऱ्या म्हाताऱ्याकडे पदवी नसते, म्हणून त्याला ‘साधनव्यक्ती’ म्हणून नारळ आणि शाल देऊन बोळवण करण्याची जी सरकारी रीत आहे ती अपमानास्पद आहे. कॅलिफोर्नियात तिथल्या मूळ रहिवाशांच्या संघटनेने १९९० च्या दशकाच्या आरंभी एक साधी योजना चालवली: भाषा जाणणारा एक वृद्ध आणि ती शिकू इच्छिणारा एक तरुण अशी जोडी लावायची, दोघांनाही मानधन द्यायचे आणि ठरावीक तास इंग्रजीचा एकही शब्द न वापरता दोघांनी स्वयंपाक, मासेमारी, गप्पा असे रोजचे जीवन एकत्र घालवायचे. वर्ग नाही, परीक्षा नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने १९९३ पासून आदिवासी तरुणांना संग्रहालयाच्या कामाचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला, तेव्हा आपल्याच पूर्वजांच्या वस्तूंवर परक्याने लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यांनी दुरुस्त करावयास घेतल्या. फार लांब जायचे कारण नाही. नंदुरबारहून हाकेच्या अंतरावर, छोटा उदेपूरच्या तेजगडला, गणेश देवी यांच्या भाषा केंद्राने आदिवासी अकादमी उभी केली आणि ‘ढोल’ नावाचे नियतकालिक देहवालीसह अनेक आदिवासी भाषांत काढले. देहवाली ही तर अक्कलकुव्याची भाषा. ती छापलेली पाहण्यासाठी गुजरातेकडे पाहावे लागले, याची महाराष्ट्राने थोडी लाज धरावी.

कायद्याची अडचण मुळीच नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जतन करण्यास ग्रामसभा सक्षम असल्याचे म्हटले. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैविक आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मानला आणि आपल्या सांस्कृतिक वारशाचा नाश होऊ न देण्याची जबाबदारी ग्रामसभेवर टाकली. मूलनिवासींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा २००७ साली आला तेव्हा भारताने त्याच्या बाजूने मत दिले, आणि सगळेच भारतीय मूलनिवासी आहेत असे सांगून त्याची धार बोथटही केली. असो. देशातला कायदा पुरेसा आहे. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली अनुसूचित गावे आणि नंदुरबारचा मोठा भाग त्याखाली येतो. पण ग्रामसभेने हे जतन करायचे कोणाच्या हातून? हक्क दिला आणि तो वापरणारा कारकूनसुद्धा दिला नाही. देवराईची सीमा नकाशावर कोणी उतरवायची, औषधी वनस्पतींची नोंद करून ती कंपनीच्या हाती जाणार नाही हे कोणी पाहायचे, ध्वनिमुद्रणाची प्रत गावात कोणी सांभाळायची? यासाठी गावातलीच चार मुले-मुली शिकून तयार झाली पाहिजेत, आणि त्यांना भिल्ली आली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत भिल्ली ही मातृभाषा नोंदवणारे १,०४,१३,६३७ आहेत; संस्कृत नोंदवणारे २४,८२१. संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे, तिची विद्यापीठे आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. बोडो आणि संथाळी २००३ च्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत आल्या. भिल्ली अद्याप बाहेर आहे.

मुले-मुली असे म्हटले ते मुद्दाम. पुजारा पुरुष असतो, थाळीवाला पुरुष असतो, ढोल पुरुषाच्या गळ्यात असतो. त्यामुळे वारसा म्हटला की पुरुषांचाच मोजला जातो. लग्नाची गाणी, बियाणे राखण्याची रीत, बाळंतिणीची औषधे ही बायकांजवळ आहेत. निम्म्या जागा मुलींना नसतील तर निम्मा वारसा योजनेतच गळून जाईल.

पुरोगामी कार्यकर्त्याच्या मनात एक शंका येणारच: परंपरा राखायची म्हणजे डाकीण ठरवून बाईला छळणेही राखायचे काय? शंका रास्त आहे. तिला उत्तर आहे ते शहाद्याच्या इतिहासात. अंबरसिंग महाराजांनी भजनांतून माणसे जागी केली. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली आणि भिल्ल बायकांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या. त्याहीआधी, १९३८ च्या सुमारास, तळोद्याच्या बाजूला गुला महाराजांच्या मागे हजारो आदिवासी आरतीला जमत होते आणि दारू सोडत होते. तेव्हा आदिवासी समाज आपल्या परंपरेची झडती स्वतः घेतो, घेत आला आहे. डाकिणीच्या प्रथेविरुद्ध २०१३ चा कायदा आहेच. पण त्या प्रथेची मुळे कोणत्या भावकीच्या जमिनीत रुजलेली आहेत, हे बाहेरून आलेल्या फौजदारापेक्षा गावच्या शिकलेल्या मुलीला अधिक कळेल. वारसा राखणारी माणसे तयार करणे म्हणजे वारशाचे पुजारी तयार करणे नव्हे.

उलटा धोका अधिक खरा आहे. शहाद्याच्या चळवळीतून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता पुष्कळ कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. व्यासपीठावर कोणी बसायचे आणि खाली कोणी, हा तिचा विषय. अशी शिष्यवृत्ती निघाली की तिच्या निवड समितीवर मंत्री, कुलगुरू आणि दोन समाजसेवक बसतील. ९ ऑगस्टला मुलांना नाचवले जाईल. ध्वनिमुद्रणे पुन्हा पुण्या-मुंबईच्या कपाटात जातील. ते टाळायचे तर निवड ग्रामसभेने करावी, मूळ प्रत गावाची राहावी, विद्यापीठाला नक्कल मिळावी, आणि जे बाहेर सांगायचे नाही असे गावाला वाटेल ते न सांगण्याचा अधिकार गावाकडे असावा. पालनीतल्या कित्येक गोष्टी बाहेरच्यांसाठी नसतातच. वारली चित्र साड्यांवर आणि चहाच्या कपांवर चढले तेव्हा ते काढणाऱ्यांना कोणी विचारले होते?

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न आता निरुत्तर करणारा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय घेतला. शिक्षण आणि पेसाची अंमलबजावणी या बाबी त्या निधीच्या मान्य खर्चात मोडतात. बहुतेक ठिकाणी तो रस्त्याच्या, गटाराच्या आणि समाजमंदिराच्या कामांत मुरतो, कारण ठेकेदाराला तीच कामे समजतात. साक्रीच्या आणि अक्राणीच्या पाड्यांतून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी निवेदने देत बसण्यापूर्वी हे एक करून पाहावे. १ मेच्या ग्रामसभेपर्यंत ऊसतोडीच्या टोळ्या परतू लागतात आणि गाव पुष्कळसे घरी असते. त्या सभेत एका म्हाताऱ्याचे आणि एका तरुणाचे, एका म्हातारीचे आणि एका मुलीचे नाव सुचवून त्यांच्या हंगामभराच्या मानधनाचा ठराव मांडावा, आणि रक्कम मुकादम किती उचल देतो हे सभेतच विचारून ठरवावी. जूनमध्ये पाऊस लागतो. त्यानंतर महिना-दोन महिन्यांत मुकादम पैसे घेऊन पाड्यावर येतो; ठरावाचे पैसे त्या पोराच्या हातात त्याच्याआधी पडले पाहिजेत.